उपडं पिंप

नाल्यातला गाळ काढून रस्त्याच्या कडेला टाकला, की आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली माणसं नाकाला रुमाल लावूनच गेटबाहेर पडतात. सेक्रेटरी अर्ज लिहायला बसतात. मला मात्र तो वास आला की बरं वाटतं. हे मी कोणाला सांगत नाही, उगाच माझ्या तब्येतीची चौकशी सुरू व्हायची. पण खरं सांगायचं तर मे महिना अर्धा सरला, डांबर पायाखाली मऊ लागायला लागलं आणि तो काळा, ओला, कुबट वास खिडकीतून आत आला, की मला वाटतं, चला, कोणीतरी कामाला लागलंय.

लोकांना पावसाळा आठवतो. मला पावसाळ्याच्या आधीचा महिना आठवतो. आभाळात ढगाचा ठिपका नसायचा, गुलमोहर पेटलेले असायचे आणि काही माणसं भर उन्हात पुराचा विचार करत बसलेली असायची. त्या माणसांत एक मे महिना मी काढला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पूर्व उपनगरातल्या एका वॉर्ड ऑफिसात मी नुकती क्लार्क म्हणून लागले होते. वय बावीस, दोन वेण्यांची नुकतीच एक झालेली आणि टायपिंगचा वेग चांगला, एवढंच भांडवल. नोकरी लागली तेव्हा वाटलं होतं, जन्ममृत्यूचे दाखले टाइप करू आणि पाचाच्या ठोक्याला घरी जाऊ.

पहिल्याच आठवड्यात माझ्यापुढे एक छापील पुस्तिका आली. भरतीओहोटीची. साहेबांनी सांगितलं, जून ते सप्टेंबरच्या सगळ्या मोठ्या भरत्या मोठ्या अक्षरात एका फळ्यावर उतरवून काढ. मी तारखा लिहायला लागले. अमुक तारीख, दुपारी एक वाजून चार मिनिटं. तमुक तारीख, एक वाजून छप्पन्न. लिहिता लिहिता माझा हात थांबला. बाहेर रस्त्यावर कलिंगडवाला ओरडत होता, पंखा गरम हवा ढवळत होता आणि जुलैतल्या एका दुपारी समुद्र किती वाजून किती मिनिटांनी चढणार आहे हे माझ्या हाताखालच्या कागदावर आधीच लिहिलेलं होतं. मी बोरीवलीच्या मावशीकडे किती वाजता पोचेन हे मला सांगता येत नसे. समुद्राला सांगता येत होतं. समुद्राचा असा धाक मला त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि मी तर तेव्हा त्याच्यापासून चांगली लांब, पंख्याखाली बसले होते.

"भरती आली की नाल्याचं पाणी समुद्र घेत नाही," परब मुकादमांनी मला समजावलं. परब नालेसफाईच्या कामगारांचे मुकादम. मालवणकडचे, पन्नाशीचे, डोक्याला कायम पंचा गुंडाळलेला. "वरून पाऊस, समोरून समुद्र. मध्ये आपण. काय समजलीस?"

"मग काय करायचं?"

"काय करणार? त्याला जागा करून द्यायची." एवढं बोलून ते नाल्यात उतरले.

नाल्यातून काय काय निघायचं. गाद्या, सायकलचे सांगाडे, गणपतीचे पाट, एकदा तर अख्खं शिवणयंत्र. कामगार कमरेपर्यंत गाळात उभे राहून पाट्या वर देत आणि काठावरून जाणारी माणसं नाक दाबून पुढे सटकत. मीही पहिल्या दिवशी नाक दाबलं. परबांनी खालून एकदा बघितलं आणि पुढची पाटी वर दिली. दुसऱ्या दिवसापासून मी हात खाली ठेवला.

आमच्या वॉर्ड ऑफिसर साहेबांची एक खोड होती. मे महिन्यात दर मंगळवारी ते सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवत. पोलीस यायचे, फायर ब्रिगेडवाले यायचे, हॉस्पिटलच्या मेट्रन यायच्या, टेलिफोनवाले, विजेचे लोक. मधे वॉर्डाचा भला मोठा नकाशा, चार कोपऱ्यांवर चार पेपरवेट. मी शॉर्टहँडची वही घेऊन कडेला. साहेब आवाज न चढवता एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत.

"टेकडी खाली येतेय. तुम्हाला कसं कळणार?"

"फोन येईल, सर."

"फोन बंद पडलाय."

"वायरलेस आहे."

"तीही बंद पडली तर?"

"सायकलवरून माणूस पाठवू."

"साकीनाक्याला छातीइतकं पाणी आहे."

"मग... चालत येईल, सर. वरच्या रस्त्याने."

"त्या माणसाला वरचा रस्ता माहीत आहे?"

 साहेब माझ्याकडे बघत आणि मी लिहून घेई: माणूस नेमणे, रस्ता दाखवणे. पुढच्या मंगळवारी तो माणूस खरोखर चालून आलेला असे आणि त्याला किती वेळ लागला हे घड्याळ लावून मोजलेलं असे. पहिल्यांदा मला हे सगळं फार अशुभ वाटलं. आमच्या घरी कोणी असं वाईटसाईट बोललं तर आई लगेच विषय बदलायची. इथे मोठी माणसं चहा पीत पीत, बिस्किट बुडवत, शांतपणे वाईटात वाईट काय होईल ते बोलत होती. हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की हीसुद्धा एक प्रार्थनाच आहे, फक्त हिच्यात नकाशा लागतो.

त्या टेबलावर सगळ्यात कमी बोलायचा तो तांडेल. फायर ब्रिगेडचा माणूस. त्याचा बाप मनोरीला मासेमारीच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख होता, म्हणून ह्यालाही सगळे तांडेलच म्हणत. काळाकभिन्न, ठेंगणा, मनगटं माझ्या दंडाएवढी. एकदा कागद द्यायला मी फायर स्टेशनला गेले. सकाळची वेळ. जवान ओळीने बसून दोर तपासत होते. एकेक वीत दोर हातातून सरकवायचा, कुठे तंतू सुटलाय का बघायचं, पुढे. कितीतरी लांब दोर आणि एकेक वीत. मी विचारलं, "हे रोज करता?"

"रोज," तांडेल म्हणाला.

"पण काल तपासला होतात ना?"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जसं काही मी 'काल जेवलात ना, मग आज कशाला?' असंच विचारलं होतं. मी कागद ठेवून निघाले.

आता टेकडीकडे वळते, कारण ह्या सगळ्या आठवणी शेवटी तिथेच जातात.

घाटकोपरच्या बाजूच्या एका टेकडीवर पत्र्याची, विटांची घरं एकावर एक चढत गेली होती. बहुतेक कोकणातली माणसं. गिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळच्या खोल्या सोडून इकडे आलेली, कोणी साकीनाक्याच्या वर्कशॉपात लागलेला, कोणी रिक्षा घेतलेला, कोणी वॉचमन. टेकडीचा वरचा भाग पावसात धोक्याचा. साहेबांनी ठरवलं, की वेळ आली तर वरची घरं रिकामी करून माणसांना खालच्या शाळेत न्यायचं. त्यासाठी घरांची आणि माणसांची यादी हवी. यादीचं काम मला मिळालं.

मी आठवडाभर टेकडी चढले. वरची बावन्न घरं. घर नंबर, कुटुंबप्रमुख, माणसं किती, म्हातारं कोण, चालता न येणारं कोण. लोकांनी मला पाणी दिलं, कैरीची डाळ दिली, एका घरात तर लग्नासाठी स्थळही सुचवलं. पण एकोणीस घरांना कुलूप. दारासमोर पाण्याचं पिंप उपडं घातलेलं, त्यावर दगड. मी दोन दिवस वेगवेगळ्या वेळी जाऊन बघितलं. कुलूप ते कुलूपच. मग मी यादीत त्या एकोणीस घरांपुढे टाइप केलं: 'बंद. वस्ती नाही.' चार कार्बन लावून. एक प्रत साहेबांना, एक फायर ब्रिगेडला, एक पोलिसांना, एक शाळेला, एक फाइलला. शेवटची प्रत पुसट आली होती म्हणून पुन्हा टाइप केली. एवढी मी काटेकोर.

मग मेच्या अखेरीस रंगीत तालीम झाली. शिट्ट्या वाजल्या, तांडेलाचे जवान दारंदार ठोकत वर गेले, माणसं हसत-खिदळत खाली उतरली. एका आजोबांना खुर्चीत बसवून आणलं, ते वाटेत सगळ्यांना नमस्कार करत होते. सगळे शाळेपाशी पोचले आणि शाळेच्या गेटला कुलूप. चावी शिपायाकडे. शिपाई मे महिन्याचा गावी, देवगडला. हेडमास्तर संगमेश्वरला. भर दुपारी शेदीडशे माणसं, पोलीस, फायर ब्रिगेड आणि साहेब गेटबाहेर उन्हात उभे. परब मुकादम मान खाली घालून हसू दाबत होते. मला वाटलं आता साहेब कोणाचं तरी भरीत करणार. साहेबांनी रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "छान झालं. आज कळलं." मी लिहून घेतलं: चावी तीन ठिकाणी ठेवणे. फजिती झाल्यावर इतका समाधानी झालेला माणूस मी आजवर दुसरा पाहिला नाही.

त्या फजितीतून एवढं शिकायला मिळत असताना मलाही काहीतरी सुचावं असं वाटलं, आणि दुर्दैवाने सुचलं. जवानांचा बराच वेळ बंद दारं ठोकण्यात गेला होता. मी मंगळवारी हात वर करून म्हटलं, "सर, जी घरं बंद आहेत त्यांच्या दारावर लाल रंगाने फुली मारून ठेवली तर? तिथे थांबायलाच नको."

टेबलावरच्या माणसांनी माना डोलावल्या. साहेबांनीही. मेट्रनबाई माझ्याकडे बघून कौतुकाने हसल्या. फक्त तांडेल खिडकीकडे बघत म्हणाला, "ठोकायला कितीसा टाइम लागतो?"

पण ते कोणाच्या कानावर गेलं नाही, किंवा गेलं आणि राहून गेलं. दुसऱ्या दिवशी परब ऑइलपेंटचा डबा घेऊन माझ्याबरोबर टेकडीवर आले आणि एकोणीस दारांवर आम्ही एकोणीस फुल्या मारल्या. चांगल्या हातभर. पावसात पुसल्या जाऊ नयेत म्हणून दोन हात दिले. घरी येऊन मी आईला सांगितलं, की आज साहेबांनी माझी कल्पना उचलली. आईने शेवयांची खीर केली.

जूनचा दुसरा आठवडा. शाळा सुरू व्हायच्या होत्या. एका सकाळी काउंटरवर एक बाई येऊन उभी राहिली. काटकुळी, कपाळावर आडवं कुंकू, हातात अजून एसटीचा प्रवास केलेली पिशवी. टेकडीवरच्या राणे काकी. ऑफिसात शिरतानाच आवाज चढलेला.

"माझ्या दारार फुली कोणी मारल्यान ती? आमचां घर पाडतालास काय?"

महापालिकेने दारावर लाल रंग मारला की घर पाडणार, हे त्या काळी शेंबड्या पोरालाही माहीत होतं. काकी गावाहून उतरल्या, दारावर फुली बघितली आणि पिशवीसुद्धा खाली न ठेवता तशाच ऑफिसात आल्या होत्या. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि मोठ्या समजूतदारपणे सांगायला लागले, की काकी, पाडायची फुली नाही ती, घर रिकामं आहे अशी खूण आहे. पावसात टेकडी रिकामी करायची वेळ आली तर त्या दारावर कोणी थांबणार नाही...

वाक्य तिथेच अर्धं राहिलं. मी काय बोलतेय ते माझं मलाच ऐकू आलं होतं.

"रिकामां कशान?" काकी म्हणाल्या. "मे म्हयन्यात गावाक कोण जायत नाय?"

"दार बंद होतं, काकी. मला वाटलं सोडून गेलात."

"आणि पिंप? दारात पिंप होता ता दिसला नाय? पिंप ठेवन कोण घर सोडता गो? घर सोडणारो आधी पिंप उचलता, मगे देव उचलता."

मी कोकणातलीच. आमचंही अर्धं घर मे महिन्यात गावी असतं. आमच्या मुलुंडच्या घरातलेही त्या महिन्यात आईबाबा आणि मी सोडून बाकी सगळे राजापूरला. टेकडीवर पाण्याचा थेंबन्‌थेंब माणसं डोक्यावरून चढवतात, तिथे पिंप म्हणजे जीव. गावी जाताना ते उपडं घालून त्यावर दगड ठेवला, की त्याचा अर्थ एकच, आम्ही येतोय. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी कुलपं बघत फिरले. शाळेचा शिपाई गावी गेलाय म्हणून शाळा उघडत नाही ह्यावर सगळ्यांबरोबर हसले आणि अख्खी टेकडी गावी गेलीय हे मला सुचलं नाही. आपल्या माणसांचं साधं वर्ष मला वाचता आलं नव्हतं. त्याची लाज आजही वाटते.

परबांनी रॉकेलचा डबा आणला. त्याच दुपारी आम्ही टेकडीवर गेलो. सहा घरं परतली होती. सहा फुल्या घासून काढल्या. दोन हात दिलेला ऑइलपेंट, लवकर सुटेना. परब फडकं रॉकेलात बुडवून घासत राहिले. शेवटच्या दाराशी मी रडायला लागले तेव्हा त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि म्हणाले, "पोरी, नाला एकदा साफ केला म्हणून झाला काय? गाळ येतोच. पुन्हा काढायचा."

साहेबांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी विचारलं, "कधी कळलं?" म्हटलं, "आज." म्हणाले, "मग पाऊस अजून सुरू व्हायचाय. यादी दुरुस्त करा." त्या यादीखाली पहिली सही त्यांचीच होती, हेही मला नंतर आठवलं.

मग दर शनिवारी अर्ध्या दिवसाच्या ऑफिसनंतर मी रॉकेल आणि फडकं घेऊन टेकडी चढत असे. घरं एकेक करून परत येत होती. पिंप सुलटं झालं की फुली पुसायची, यादीत नावं भरायची. जुलै उजाडला तेव्हा एकच फुली उरली होती. सगळ्यात वरचं घर, गावड्यांचं. नवरा साकीनाक्याला वर्कशॉपात, तिथेच झोपायचा. बायको, सुनंदा, माहेरी.

"बाळंतपणाक गेली हा," शेजारच्या राणे काकी म्हणाल्या. "आता गणपती करूनच येतली. ती फुली ऱ्हवांदे, माझां लक्ष असा."

मीही म्हटलं, राहू दे. पिंप उपडंच होतं. यादीत मी लिहिलं: 'गावी. गणपतीनंतर.' ह्या वेळी अगदी विचारून, खात्री करून लिहिलं.

तो दिवस उजाडला तेव्हा रात्रीपासून पाऊस कोसळत होता. फळ्यावर माझ्याच अक्षरात त्या दिवसाची भरती लिहिलेली होती, दुपारी एक वाजून काही मिनिटं. साहेब सकाळी आठला फळ्यासमोर उभे होते. टेकडीखालच्या नाल्यावर परब छत्री न घेता उभे होते आणि दर अर्ध्या तासाने पाणी किती चढलं ते सांगायला माणूस पाठवत होते. चालत. वरच्या रस्त्याने. फोन साडेनऊलाच गेला होता. दहा वाजता निरोप आला, की वरच्या बाजूने लाल पाणी यायला लागलंय. लाल पाणी म्हणजे माती सुटलीय. साहेबांनी सांगितलं, टेकडी खाली आणा.

आणि मग मी जे बघितलं ते विसरता येत नाही. कोणी पळालं नाही, कोणी ओरडलं नाही. शाळेची चावी पहिल्याच खिळ्याला मिळाली. शाळा भरलेली होती, तर मास्तरांनी मुलांना दोन-दोनच्या रांगेत वरच्या मजल्यावर नेलं आणि खालचे वर्ग मोकळे केले, कारण 'शाळा चालू असेल तर?' हेही साहेबांनी कधीतरी विचारून ठेवलं होतं. मेट्रनबाईंच्या दोन नर्सा बाकावर डबे मांडून बसल्या. तेच नमस्कार करणारे आजोबा पुन्हा खुर्चीत बसून आले, ह्या वेळी हात न जोडता. मे महिन्यातल्या उन्हात चहाबिस्किटांवर बोललेलं एकेक वाक्य उठून चालायला लागलं होतं. मी दारात यादी घेऊन उभी होते.

सगळे आत आले तेव्हा मी नावं वाचायला सुरुवात केली. एक नंबर, सावंत, पाच माणसं. "आहोत." दोन नंबर, तावडे. "आहोत." वर्गात ओल्या कपड्यांचा वास, मुलं रडत होती, व्हरांड्याच्या पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की मला ओरडून वाचावं लागत होतं. राणे. "आसंव, आसंव." एकावन्न नंबरपर्यंत आले आणि यादी मिटली. बावन्न नंबर वाचायचा नव्हता. तो गावी होता. पण साहेब मागे उभे होते, ते म्हणाले, "पुढचा?"

"सर, ते गणपतीनंतर..."

"वाचा."

मी वाचलं. "बावन्न. गावडे."

खिडकीपाशी, अगदी मागे, घोंगडीत गुरफटलेल्या एका मुलीने मान वर केली. माझ्याच वयाची असेल. "आहोत," ती म्हणाली. मग घोंगडीचं टोक बाजूला करून तिने आत बघितलं आणि पुन्हा म्हणाली, "दोघं आहोत."

मी तिच्याजवळ कशी गेले ते आठवत नाही. तिच्या माहेरच्या घराचं छप्पर गळायला लागलं होतं. ओलीत बाळाला कुठे ठेवायचं, म्हणून भावाने तिला रात्रीच्या एसटीत बसवून दिलं. सकाळी सातला ती उतरली, टेकडी चढली, नवऱ्याला निरोप द्यायलाही कोणी मिळालं नाही. उघडलेलं कुलूप सवयीने बाहेरच्या कडीत तसंच अडकवलं, आतून कडी लावली आणि रात्रभराच्या प्रवासाने दोघं मेल्यासारखी झोपली. शिट्ट्या तिने ऐकल्याच नाहीत. राणे काकींनाही पावसात ती आलेली दिसली नव्हती. "मग ते दाढीवाले दार तोडायला आल्यासारखे ठोकायला लागले," ती म्हणाली. तांडेलाने दोन दिवस दाढी केली नव्हती.

भरती एक वाजता आली, पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे. तीनच्या सुमारास टेकडीचा वरचा तुकडा खाली बसला. आवाज फार मोठा झाला नाही. चार घरं गेली, गावड्यांचं धरून. चारही रिकामी. शाळेत बसून आम्हाला तो आवाज ऐकू आला आणि वर्गातली सगळी माणसं एकदम गप्प झाली. मग कोणीतरी कोणाच्या तरी हाताला हात लावला आणि पुन्हा बोलणं सुरू झालं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आमच्या टेकडीबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. कोणी मेलं नाही, तर छापणार काय? त्या न छापलेल्या ओळीमागे किती माणसांचा किती घाम होता हे मला ठाऊक होतं, आणि त्या दिवसापासून पेपरात काही नसलं की मला कोणाचे तरी आभार मानावेसे वाटतात.

आठवड्याने मी फायर स्टेशनला गेले. सकाळची वेळ, जवान ओळीने बसलेले, दोर हातातून सरकत होता. तांडेलासमोर उभी राहिले आणि विचारलं, "बावन्न नंबरला फुली होती. यादीत 'गावी' लिहिलं होतं. दाराला कुलूप दिसत होतं. तुम्ही वर का गेलात?"

"फुली बघितली मी," तो म्हणाला. "पोरगा म्हणत होता, चला मागे, फुली हाय. पण पिंप बघितला. पिंप सुलटा होता. पागोळीखाली लावलेला, पानी भरत होता."

 सुनंदाने झोपायच्या आधी, तसल्या थकव्यात, बाळ काखेला मारून, पिंप सुलटं करून पागोळीखाली सरकवलं होतं. फुकटचं पाणी कोण सोडतं?

"आणि पिंप उपडंच असतं तर?" मी विचारलं.

तांडेलाने दोराचा तपासलेला भाग बाजूला टाकला आणि पुढची वीत हातात घेतली. "तरी ठोकला असता," तो म्हणाला.

साहेब रिटायर होऊन कधीच गेले. परब त्यांच्या गावी, मालवणला गेले ते तिकडचेच झाले. तांडेलाचं काय झालं ते मला माहीत नाही. मनोरीला कधी गेले तर मार्व्याच्या तरीत मी उगाच ठेंगण्या माणसांची मनगटं बघत बसते. टेकडीवर आता नळ आलेत म्हणे, पिंपं गेली. आता भरतीची वेळ फोनवर येते, पावसाचा इशाराही येतो, रंगासकट. चांगलं आहे. ज्यांनी हे सगळं बसवलं असेल त्यांनीही कुठेतरी टेबलाभोवती बसून 'आणि तेही बंद पडलं तर?' असं विचारलं असेल, अशी माझी श्रद्धा आहे.

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले नाईक दरवर्षी मे महिन्यात वेंगुर्ल्याला जातात. जूनचा दुसरा आठवडा लागला, की मी रोज संध्याकाळी त्यांच्या दाराशी जाऊन येते. परवा दार उघडलं. नाईक वहिनी केस विंचरत होत्या, मागे बॅगा तशाच पडलेल्या.

"अहो, आताच आलो. काय झालं?"

"काही नाही. आलात का ते बघायला."

"मग फोन करायचात ना, ताई. एवढं काय उठून यायचं?"

बाहेर कडेला गाळाचे ढीग वाळले होते आणि आभाळ भरून आलं होतं. मी म्हटलं, "समोर तर राहते. ठोकायला कितीसा वेळ लागतो?"